नाव बर्लिनचं, जमीन शोनेफेल्डची

बर्लिनचा एअरपोर्ट म्हणून आपण ज्याचं तिकीट काढतो तो मुळात बर्लिनमध्ये नाहीच. तो आहे शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या शोनेफेल्ड गावात, शहराच्या अगदी वेशीला खेटून. नावाचा अर्थ सुंदर शेत. शेत किती उरलंय ते सोडा, पण गेली ९० वर्षं या गावाच्या जमिनीचं काय करायचं ते बाहेरचेच लोक ठरवत आलेत, आणि उद्घाटन आठ वर्षं रखडलेल्या नव्या एअरपोर्टचा जो तमाशा जगाने बघितला त्याची मुळंही तिथेच आहेत.

सुरुवात १९३४ ची. हेन्शेल ही कासेलची कंपनी, मूळ धंदा रेल्वे इंजिनांचा, नाझी काळात विमानांत उतरली आणि इथे मोठा कारखाना टाकला. युद्ध संपेपर्यंत इथून हजारोंनी विमानं बाहेर पडली, त्यातली बरीच धरून आणलेल्या मजुरांच्या घामावर. याच कारखान्यात १९३५ च्या सुमारास कोनराड त्सूझे नावाचा एक तरुण इंजिनिअर विमानाच्या मजबुतीची तीच ती आकडेमोड करत बसायचा, इतका वैतागला की थोड्याच काळात नोकरी सोडून आईवडिलांच्या दिवाणखान्यात हिशेब करणारं मशीन जोडायला बसला. तेच झेड-१, कॉम्प्युटरच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर येणारं. (युद्धात स्वारी परत हेन्शेलकडेच कामाला होती, ते जरा कमी सांगतात.)

१९४५ च्या एप्रिलात रेड आर्मी आली, कारखान्यातली मशिनरी उचलून नेली, उरलेलं उडवून दिलं. मग १९४७ मध्ये सोव्हिएत लष्करी प्रशासनाने हुकूम काढला की इथे नागरी एअरपोर्ट करा. पुढे हाच पूर्व जर्मनीचा मुख्य एअरपोर्ट झाला, इंटरफ्लुग या सरकारी कंपनीचं घर.

आता इथली गंमत बघा. पश्चिम बर्लिनला फक्त अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तीन देशांच्या विमान कंपन्या उडू शकायच्या, त्यामुळे तिकडची तिकिटं महाग, आणि इंटरफ्लुगला तर पश्चिमेचं चलन हवंच होतं. मग भिंतीच्या पलीकडचे लोक बसमध्ये बसून खास चेकपोस्टमधून शोनेफेल्डला यायचे, सुट्टीला जाणारे जर्मन असोत की इस्तंबूलला घरी निघालेले तुर्की कामगार. उलट्या दिशेनेही वाहतूक होती. १९८० च्या दशकात श्रीलंकेतून पळालेले तमिळ शोनेफेल्डला उतरायचे आणि तिथून पूर्व बर्लिनमधल्या फ्रीडरिशस्ट्रासे स्टेशनवरून लोकल पकडून सरळ पश्चिम बर्लिनला. पूर्ववाले जाऊ द्यायचे, आणि पश्चिमवाल्यांनी तिथे पासपोर्ट तपासला असता तर ती खरी सीमा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं, म्हणून तेही तपासत नव्हते. १९८६ मध्ये पूर्व जर्मनीने हा रस्ता बंद केला.

भिंत पडली, जर्मनी एक झाला, आणि नवा मोठा एअरपोर्ट कुठे बांधायचा यावर घोळ सुरू झाला. हा भाग मला सगळ्यात खटकतो. १९९४ च्या सरकारी छाननीत लांबच्या श्पेरेनबेर्ग आणि युटरबोग या जागा बऱ्या ठरल्या होत्या, शोनेफेल्डच्या आजूबाजूला इतकी वस्ती की आवाजाचा त्रास फार लोकांना होणार म्हणून ते मागे पडलं होतं. तरी १९९६ मध्ये केंद्र, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग असे तिघं बसले आणि ठरलं शोनेफेल्डच. का, तर शहराला जवळ. ब्रांडेनबुर्गचे मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे श्पेरेनबेर्गच्या बाजूचे होते, त्यांनाही मान तुकवावी लागली.

किंमत आधी मोजली डीपेनझेने. तीनशेच्या वर वस्तीचं हे गाव धावपट्टीच्या आड येत होतं, २००४ मध्ये सगळं गाव उठवून कोनिग्स वुस्टरहाउझेनच्या हद्दीत नवं वसवलं, नाव तेच ठेवून. लोक कोर्टातही गेले. २००६ मध्ये लाइपझिगच्या कोर्टाने एअरपोर्टला परवानगी दिली पण रात्री उड्डाणांवर बंधनं घातली, आज मध्यरात्री १२ ते पहाटे ५ नेहमीची विमानं उडत नाहीत.

बाकीची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. उद्घाटन ३ जून २०१२ ला ठरलेलं, चार आठवडेही उरले नव्हते तेव्हा रद्द. आग लागली तर धूर बाहेर काढायची यंत्रणा चालेना, धूर वर जातो हे शाळेतल्या पोरालाही माहिती, इथे तो जमिनीखालून ओढायचा घाट घातलेला. टर्मिनलखालचं रेल्वे स्टेशन तयार होतं पण प्रवासी नाहीत, तर बोगद्यात हवा खेळती राहावी म्हणून वर्षानुवर्षं रिकाम्या लोकल चालवल्या.

गाव मात्र या काळात गप्प बसलं नाही. २००३ मध्ये आजूबाजूची सहा गावं मिळून आजची मोठी शोनेफेल्ड नगरपालिका झाली, व्यवसाय कराचा दर बर्लिनपेक्षा बराच खाली ठेवला, कंपन्या आल्या, बिल्डिंगा उठल्या. म्हणजे ज्यांच्या डोक्यावरून विमानं जातात त्यांच्याच नगरपालिकेची तिजोरी भरलेली, त्यामुळे गावात एअरपोर्टला शिव्या घालणारे आणि त्याच्यावर पोट असणारे बऱ्याचदा एकाच घरात सापडायचे.

शेवटी ३१ ऑक्टोबर २०२० ला एअरपोर्ट उघडला, तोही ऐन कोरोनात. पूर्व जर्मनीच्या काळातल्या जुन्या टर्मिनलला पाच नंबर देऊन कामाला जुंपलं होतं, प्रवासीच नाहीत म्हटल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यालाही कुलूप लागलं.