नावाआधी काय लावायचं? दिवंगत माजी विद्यार्थ्यांच्या पानामागची भानगड

साठच्या दशकात तालुक्यातालुक्यात निघालेल्या कॉलेजांची आता साठी होतेय, त्यामुळे हीरकमहोत्सवी स्मरणिका धडाधड निघताहेत, आणि प्रत्येकीत शेवटाकडे ते एक पान असतंच. काळी चौकट, समईचं चित्र, खाली गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं. ते पान जुळवताना किती वाद होतात ते बाहेर कळत नाही, म्हणून हे थोडं मागचं.

फार जुनं थोडक्यात उरकतो. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. 1862 चे, तेही बोटावर मोजण्याइतके. तेव्हा शिकलेला माणूसच इतका दुर्मिळ की गेला तर पेपरात यायचंच. 1895 ला आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी, डेक्कन कॉलेजातल्या जुन्या दोस्ताने, मधे दोघांचं पार फाटलेलं असूनसुद्धा. बाकीच्यांची आठवण म्हणजे घरच्यांनी रक्कम ठेवायची आणि त्याच्या व्याजातून कुठल्यातरी विषयात पहिल्या येणाऱ्याला त्या नावाचं बक्षीस. घरी पैसे नाहीत तर आठवणही नाही, सरळ हिशोब.

पुढे वार्षिक अंकात पहिल्या पानावर श्रद्धांजली यायला लागली, पण ती पुढाऱ्यांना, देणगीदारांना आणि फारतर चालू वर्षात अपघातात वगैरे गेलेल्या मुलाला. पास होऊन बाहेर पडलेला 10 वर्षांनी गेला तर कॉलेजला कळणार कुठून, रजिस्टरमध्ये पत्ता वडिलांचा, तोही जुन्या भाड्याच्या घराचा.

खरा बदल आला नॅकमुळे, म्हणजे कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेमुळे, हे कोणी कबूल करत नाही. नॅक 1994 चं, पण त्याची धास्ती आमच्यासारख्या गावात नंतर पोचली. त्यात माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत आहे का असं विचारतात, म्हणून सगळे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात पळाले, संघटना झाली, मग सभासद दाखवायला हवेत म्हणून बॅचवार याद्या आणि फोनाफोनी सुरू. मोजायचे होते जिवंत, पण दर पाच-सहा फोनांमागे पलीकडून ‘ते गेले हो, दोन वर्षं झाली’. यादी करणाऱ्याने अशा नावापुढे पेन्सिलीने फुली मारली. आमच्याकडची दिवंगतांची पहिली यादी ती, फुल्यांची.

मग व्हॉट्सॲप ग्रुप आले आणि 2021 चा एप्रिल-मे आला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनीच बघितलंय. तेव्हा ग्रुपला 256 ची मर्यादा होती, आमचा ग्रुप भरलेला, नवीन कोणाला घ्यायचं तर जागा नाही, आणि एकाने सुचवलं की जे गेलेत त्यांचे नंबर काढूया. तीन दिवस ग्रुप पेटला होता. ॲडमिनने शेवटी कोणालाच काढलं नाही, दुसरा ग्रुप काढला. 2022 मध्ये मर्यादा आधी 512 आणि मग 1024 झाली तेव्हा प्रश्न आपोआप मिटला, तोपर्यंत बंद पडलेली खाती एकेक करून ‘लेफ्ट’ दिसायला लागली होती.

आता मुख्य भांडण. स्मरणिकेच्या मीटिंगमध्ये पहिला मसुदा आला त्यात सरसकट ‘कै.’ होतं. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की ते कैलासवासीचं लघुरूप आहे हे लक्षातच येत नाही. पण यादीत काही मुसलमान मुलं होती, त्यांना मराठीत पैगंबरवासी लिहायची पद्धत, ख्रिश्चनांना ख्रिस्तवासी. एका माळकरी घराचं म्हणणं आमचे वैकुंठवासी, कैलासाचा संबंध काय. आणि बौद्ध कुटुंबांनी स्पष्ट सांगितलं, कालकथित लिहा नाहीतर काहीच लिहू नका, आणि ते बरोबरच होतं, 1956 नंतर ज्या घराने हे सगळं सोडलं त्यांच्या माणसाला मेल्यावर परत कैलासावर कशाला पाठवता. कोणीतरी म्हटलं प्रत्येकाला आपापलं लावू, म्हणजे काय तर 18 वर्षांची असताना एका बाकावर बसलेली पोरं मेल्यावर जातधर्मावार वेगळी काढायची. ते मात्र लगेच पडलं.

मग ‘स्वर्गीय’ आलं, त्यात स्वर्ग आहेच. शेवटी ‘दिवंगत’वर एकमत होत आलं, निधर्मी शब्द म्हणून, तेवढ्यात मराठीचे निवृत्त सर म्हणाले, दिवं म्हणजे स्वर्गच, दिवंगत म्हणजे तिकडे गेलेला. सगळे गप्प. माझं मत तेव्हाही हेच होतं की नुसतं नाव आणि दोन सालं छापा, जन्माचं आणि मृत्यूचं, पण ज्येष्ठांना ते एकेरी वाटतं, ‘पोलीस पंचनामा करताय का’ असं मला ऐकवलं गेलं. तोडगा असा निघाला की पानाच्या डोक्यावर एकदाच मोठ्या अक्षरात ‘दिवंगत’, खाली नावं कोरी. सरांनी तरी मिनिटबुकात आपला आक्षेप नोंदवून घेतला.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. मुलींची नोंद रजिस्टरमध्ये माहेरच्या नावाने, निधनाची बातमी येते ती सासरच्या. छापून आल्यावर बघतो तर एक बाई दोन ठिकाणी, पुढे हयात सभासदांत माहेरच्या नावाने आणि मागे काळ्या चौकटीत सासरच्या. मग शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवली.