चित्रपट आणि वेब सिरीजचं परीक्षण

नवीन आलेला पिक्चर किंवा ओटीटीवरची सिरीज बघून ती कुठे जमलीये, कुठे फसलीये आणि कोणाला आवडेल हे कारणांसकट सांगणं म्हणजे परीक्षण, बोलताना सगळे रिव्ह्यूच म्हणतात. समीक्षा सावकाश, वीस वर्षांनीसुद्धा लिहिता येते. परीक्षण मात्र रिलीजच्या आसपासचं, वाचणाऱ्याने अजून तिकीट काढलेलं नाहीये हे धरूनच लिहिलेलं.

पेपरात ते प्रेस शो किंवा शुक्रवारचा फर्स्ट शो बघून लिहिलं जायचं, आणि गोष्ट सांगून शेवटी 'छायाचित्रण सुरेख, संगीत श्रवणीय' एवढ्यावर उरकलेली परीक्षणं मराठीत ढिगाने आहेत. पण पडद्यावर नक्की काय चाललंय ते बघायची सवय लावणारी माणसंही इथे होती, १९६८ पासूनची मुंबईची फिल्म सोसायटी प्रभात चित्र मंडळ, पुण्यात एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आणि जुने चित्रपट जपणारं फिल्म अर्काइव्ह यांचा रसग्रहणाचा कोर्स, आणि यांचे उपकार खरंच मोठे आहेत.

फरक कुठे पडतो ते दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या मराठी पिक्चरवरून कळतं. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर राहतो, आणि शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, अंधार पडतो, आपल्याला वाटतं संपला, तर पुढे न्यायाधीशांची सहल सुरू होते. यावर 'स्लो आहे' इतकंच लिहिणारा काहीच सांगत नाही. कॅमेरा का हलत नाही आणि अंधारानंतर ही सहल का दाखवली याचा विचार करून लिहिणारा खरं काम करतो, मग त्याला पिक्चर आवडो न आवडो. अर्थात पहिल्याच आठवड्यात ही सहल सांगून टाकणं म्हणजे स्पॉयलर, तिथे लेखकाला हात आखडता घ्यावाच लागतो.

सिरीजचं गणित वेगळं. प्लॅटफॉर्मवाले रिलीजआधी पत्रकारांना लिंक देतात, तिला स्क्रीनर म्हणतात, आणि अमुक वेळेआधी छापू नका अशी अट असते तो एम्बार्गो. बऱ्याचदा सगळे एपिसोड मिळतच नाहीत, पहिले तीन-चारच मिळतात, मग सहा-आठ तासांच्या गोष्टीचा निवाडा अर्ध्यावरून होतो, आणि सिरीज घसरते ती नेमकी पाचव्या-सहाव्या एपिसोडला, जिथे मूळची दोन तासांची गोष्ट ताणलेली असते. म्हणून किती एपिसोड बघून लिहिलंय ते परीक्षणात वरच सांगायला हवं. शिवाय घरी लोक दीडच्या स्पीडने बघतात, मोबाईलवर बघतात. ताम्हाणेच्याच 'द डिसायपल' या ओटीटीवर आलेल्या पिक्चरमध्ये रात्रीच्या रस्त्यावर स्लो मोशनमध्ये बाईक चाललीये आणि नायकाच्या कानात माई या गायिकेचा रेकॉर्ड केलेला आवाज (तो दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा), हे पळवून बघितलं तर उरतं काय? हेडफोन लावून, न पळवता बघा हे सांगणंही आता परीक्षणाचंच काम आहे.

स्टार आणि टक्के यांनी गोंधळ वाढवलाय. परीक्षणं गोळा करून टक्के काढणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटचे ९० टक्के म्हणजे पिक्चरला शंभरात नव्वद मार्क नव्हेत, दर शंभरातल्या नव्वद परीक्षणांचं मत बरं आहे एवढंच, आणि ६० किंवा त्याच्या वर गेलं की 'फ्रेश', म्हणजे चांगला, हा शिक्का. सगळ्यांना ठीकठाक वाटलेला पिक्चर त्यामुळे उंच जातो आणि निम्म्यांना वेड लावणारा खाली राहतो.

युट्यूबवर मध्यंतरालाच रिव्ह्यू टाकायला लागल्यापासून निर्माते चिडलेत. केरळ हायकोर्टाने नेमलेल्या अमायकसने, म्हणजे कोर्टाला सल्ला देणाऱ्या वकिलाने, २०२४ मध्ये व्लॉगर्सनी पहिले ४८ तास थांबावं असं सुचवलं, त्याच वर्षी तमिळ निर्मात्यांनी पहिल्या तीन दिवसांसाठी बंदी मागितली, पण मद्रास हायकोर्टाने तशी अंतरिम बंदी घातली नाही. पैसे घेऊन बदनामी करणाऱ्यांना धरायलाच हवं, पण तिकिटाला चारशे रुपये मोजणाऱ्या माणसाला प्रामाणिक मत पहिल्याच दिवशी हवं असतं, सोमवारी त्याचा उपयोग काय?