फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं का?

जुलैमध्ये सोलापुरात आमच्या गल्लीतल्या पोरांचे प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायला बसलो की हे वाक्य एकदा तरी कानावर येतंच : ‘सर, पोरींना सगळं माफ हाय की ओ आता.’

माफ आहे ती फी. जगण्याचा खर्च वेगळा आणि त्याच्या योजनाही वेगळ्या, पण लोक दोन्ही एकाच पिशवीत घालतात.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय काढून बघा. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना १०० टक्के सवलत. ओबीसी मुलींना आधी निम्मीच होती, त्यामुळे फायदा मोठाच. पण माफ काय, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. खोलीभाडं, मेस, पुस्तकं यांचा त्यात पत्ता नाही. शिवाय प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही.

निर्वाह भत्ता हा खाण्या-राहण्याचा पैसा. अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वाधार’ योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. त्याच धर्तीवर ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि खरी मेख म्हणजे जिल्ह्यामागे विद्यार्थी ६००. फी माफी अटीत बसणाऱ्या प्रत्येकीला, भत्ता मात्र यादीत नाव लागलं तर.

अनुसूचित जातीच्या पोरांचा घोळ तर फॉर्मपासूनच सुरू होतो. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी अधिक निर्वाह भत्ता. त्याच्या वर गेलं की फ्रीशिप, म्हणजे फक्त फी. बोलताना दोन्हींना सगळे ‘स्कॉलरशिप’च म्हणतात.

गेल्या वर्षी एका ओबीसी मुलीचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरत होतो. वडील यंत्रमागावर. आई शेजारी सूप मांडीवर घेऊन कात्रीनं विड्यांसाठी तेंदूची पानं कापत होती. पर्सेंटाइल चांगले, पुण्याचं सरकारी कॉलेज मिळण्यासारखं. पहिला पर्याय तोच टाकला. फी शून्य म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला. मग तिनं विचारलं, ‘आणि जेवायला किती लागतंय?’ मी मेस आणि खोलीचा आकडा सांगितला. आधार योजनेचं सांगितलं, ६०० चंही सांगितलं. कात्री थांबली.

सोलापूरची हुशार पोरं पुण्याला जातात, असं आपण कौतुकानं म्हणतो. जातात ती ज्यांच्या घरून महिन्याच्या महिन्याला मेसचे पैसे जाऊ शकतात ती. बाकीची तेवढीच हुशार इथंच राहतात. इथली कॉलेजं वाईट आहेत असं नाही, पण निवड त्यांनी केलेली नसते.

पोरीनं माऊस माझ्याकडून घेतला आणि पुणे पहिल्यावरून पाचव्यावर नेलं. वर चारही सोलापूरची. आईनं पुढचं पान उचललं.