बोट हलतंय म्हणजे नस शाबूत?

उत्तरायणात वडोदऱ्यातल्या रावपुरा-दांडिया बाजारच्या गच्च्यांवर मांजानं बोट कापलं की हमखास ऐकू येतं, “बोट हलतंय ना? मग नस वाचली.” हे चूक आहे, आणि महागात पडतं. बोट वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात. ते कंडरांनी, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांनी (टेंडन), बोट ओढतात. बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या चेता (मज्जातंतू, नर्व्ह) फक्त संवेदना नेतात. त्या तुटल्या तरी बोट वाकतंच. आपण रक्तवाहिनी, कंडरा, चेता तिन्हींना ‘नस’ म्हणतो. घोळ तिथूनच होतो.

जखमेवर हळद, चहापावडर नको. स्वच्छ कापडानं 10 मिनिटं दाबून हात उंच धरा. मग जखमीला डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाच्या दोन्ही कडांना कापूस लावा, दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. हे बधिरतेच्या इंजेक्शनआधीच व्हायला हवं. एखादी कड बधिर असेल तर नुसते टाके घालून घरी येऊ नका, हाताच्या सर्जनला दाखवा. काही दिवसांत चेतेची टोकं सहसा थेट जोडता येतात. उशीर झाला की ती आखडतात आणि दुसरीकडची चेता मधे घालावी लागू शकते. जोडल्यावर वाढ दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर, म्हणून बोटाच्या मुळाशी कापलं असेल तर टोकाला जाणीव यायला महिने लागतात.