थंडीत चरणाऱ्या गुरांवर लक्ष ठेवायचंय? स्वयंसेवकांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

माळरान राखण्यासाठी काही ठिकाणी गुरं थंडीतही उघड्यावर चरायला सोडतात. मालकाला रोज जाणं जमत नाही, म्हणून पाळीपाळीने फेरी मारणारे स्वयंसेवक घेतात. अर्ज त्या जमिनीची देखभाल करणाऱ्या संस्थेकडे किंवा थेट मालकाकडे करायचा. पाळ्या आधीच ठरतात, त्यामुळे थंडी सुरू होण्याच्या महिना-दोन महिने अगोदर विचारा.

वय सहसा 18 पूर्ण लागतं. चिखलातून, खाचखळग्यांतून तासभर चालता यायला हवं आणि ठरलेला दिवस चुकवून चालत नाही. गुरं पाळल्याचा अनुभव नसला तरी चालतो. कुत्रा मात्र घरीच ठेवा. वासराची आई कुत्र्यावर धावून जाते आणि कुत्रा आसऱ्याला तुमच्याच पायांशी येतो.

अर्जासोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि तब्येतीबद्दलचं स्वतःचं निवेदन बहुधा मागतात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. नायटा, लेप्टोस्पायरोसिस असे आजार गुरांपासून माणसाला होऊ शकतात, म्हणून गरोदर असाल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. संस्थेच्या विम्यात तुम्ही येता का, हे लेखीच विचारून घ्या. संकोचापोटी बरेच जण हे विचारत नाहीत.

त्यानंतर प्रशिक्षण आणि जाणत्या माणसाबरोबर दोन-चार फेऱ्या. माझ्या मते खरी निवड इथेच होते.

पहिलं काम मोजणी. कळपात 23 गुरं असतील तर 23 दिसेपर्यंत शोधायचं, कारण आजारी जनावर बऱ्याचदा कळप सोडून कुठेतरी आडोशाला एकटं उभं राहतं. मग लांबूनच बघायचं: रवंथ चालू आहे ना, कोणी लंगडतंय का, शेण पातळ आहे का. पाठीवर हिमकण न वितळता तसेच दिसले तर घाबरू नका, अंगातली ऊब केसांनी आत धरून ठेवलेली असते. काळजी करायची ती भिजून अंगाला चिकटलेल्या केसांची. सुक्या, दाट केसांची गाय उणे 7-8 अंशांपर्यंत सहज तग धरते. तीच भिजली की 15 अंशांच्या खालीच ऊब टिकवायला तिची ताकद खर्च होऊ लागते. दाट केसांखाली हडकुळेपणाही लपतो, म्हणून मागून कमरेची हाडं नीट पाहा. पाण्यावर बर्फाचा थर धरला असेल तर फोडा. मोठ्या गाईला दिवसाला 30 ते 50 लिटर पाणी लागतं.

औषधपाणी स्वतः करू नका, पडलेल्या जनावराला एकट्याने उठवायलाही जाऊ नका. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, नेमकी जागा आणि जे दिसलं ते, एवढं मालकाला तिथूनच फोन करून सांगा. सगळं ठीक असलं तरी वहीत वेळ आणि आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी येणारा मोजणीला सुरुवात करतो ती तुमच्या त्या आकड्यापासून.