हिरवळीवरील चट्ट्यांचे निदान

घराभोवतीच्या लॉनमधील गवत ठिकठिकाणी पिवळे पडते, करपते किंवा मरते, तेव्हा त्यामागचे कारण शोधण्याची ही पद्धत आहे. चट्टा दिसला की रोग पडला असे समजून बुरशीनाशक फवारले जाते. मात्र घरगुती लॉनवरचे पुष्कळसे चट्टे बुरशीमुळे पडतच नाहीत. पाण्याची ओढ, खताचा अतिरेक, गवत कापायचे बोथट यंत्र, किडी, कुत्र्याचे मूत्र, मातीखाली गाडला गेलेला बांधकामाचा राडारोडा अशी त्यांची कारणे असतात. फवारणीने यांतले काहीच बरे होत नाही, उलट रोगाची खूण मात्र पुसली जाण्याची शक्यता असते.

आधी गवत मेले आहे की सुप्तावस्थेत आहे, हे ठरवावे लागते. राय, फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंड हवामानातील गवते कडक उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यास तपकिरी होतात. हरळी आणि झोयसिया ही उष्ण हवामानातील गवते थंडीत तशीच दिसतात. ऋतू बदलला किंवा पाणी मिळाले की ती पुन्हा फुटतात. एक काडी उपटून तिचा जमिनीलगतचा गाभा, म्हणजे जिथून वर पाती आणि खाली मुळे फुटतात तो भाग, नखाने सोलून पाहावा. तो पांढरट व टणक असेल तर गवत जिवंत आहे. तपकिरी होऊन बोटांत कुसकरला गेला, तर ते मेले आहे.

चट्ट्याचा आकार पुष्कळ सांगतो. सरळ रेषा आणि काटकोन ही सहसा माणसाच्या हातची कामे असतात. खत टाकणाऱ्या गाड्याचे पट्टे एकमेकांवर चढले की तेवढीच पट्टी जळते. यंत्रात इंधन भरताना ते सांडले, तर तेवढाच डाग मरतो. तुषार सिंचनाचे पाणी न पोहोचणारा कोपरा उन्हाळाभर ठरावीक आकारात सुकतो. तिथे लांब पेचकस मातीत खुपसून पाहावा. हिरव्या भागात तो सहज जातो आणि चट्ट्यात अडतो, तेव्हा माती कोरडी किंवा घट्ट झालेली असते, नाहीतर खाली दगड-विटा असतात. कुत्र्याच्या मूत्राचा चट्टा ओळखायला सर्वांत सोपा. मध्ये नायट्रोजन व क्षार जास्त झाल्याने गवत जळते आणि कडेने तोच नायट्रोजन पातळ होऊन खतासारखा लागू पडतो, म्हणून वाळलेल्या वर्तुळाभोवती गर्द हिरवी कड दिसते.

हुमणी लागली असेल तर गवत सतरंजीसारखे गुंडाळत वर येते, कारण खालची मुळे खाल्लेली असतात. मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढरट अंगाच्या व तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडतात. एखाददुसरी अळी निरोगी लॉनमध्येही असते. चौरस फुटात पाच-दहा किंवा अधिक निघाल्या, तरच उपाय करावा. त्या टिपायला पक्षी लॉन उकरू लागतात, हीही एक खूण आहे.

खरा रोग ओळखायचा तर पहाटे, दव असताना गुडघे टेकून बसावे. डॉलर स्पॉट या रोगात नाण्याएवढे, भुसकट रंगाचे ठिपके पडतात आणि दवात त्यांवर कोळिष्टकासारखी पांढरी बुरशी दिसते. उन्हे वर आली की ती नाहीशी होते. पात्यावरचा डाग मात्र राहतो: मधे फिकट, दोन्ही कडांना तांबूस-तपकिरी आणि वाळूच्या घड्याळासारखा आवळलेला. नायट्रोजन कमी पडलेल्या गवतावर तो अधिक येतो. रायझोक्टोनिया या बुरशीमुळे होणारा ब्राऊन पॅच याउलट, खत जास्त झालेल्या लुसलुशीत गवतावर, उष्ण व दमट रात्रींनंतर पसरतो. त्याच्या वर्तुळाच्या कडेला सकाळी कधीकधी धुरकट काळसर वलय दिसते. एका रोगाला खत देणे हा उपाय आणि दुसऱ्याला तेच खत अपाय, म्हणून अंदाजाने औषध करणे धोक्याचे. पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या रोगात गवत तेलकट, भिजल्यासारखे होऊन चिकटते आणि पाणी वाहते त्या दिशेने रोग पसरतो. तांबेऱ्याची नारिंगी पूड चालताना बुटांना लागते. तो दिसायला भयंकर, पण सहसा गवत मारत नाही.

गवताची टोके फाटून पांढुरकी झाली असतील, तर आधी यंत्राच्या पात्याला धार लावावी. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. पाणी पहाटे द्यावे, संध्याकाळी दिलेले पाणी पात्यांवर रात्रभर राहते आणि बुरशीला हवी असते ती ओल तिला आयती मिळते.

तरीही कारण कळले नाही, तर नमुना वनस्पतिरोग प्रयोगशाळेत द्यावा. तो फवारणीआधी आणि चट्ट्याच्या कडेवरून घ्यावा. मधल्या मेलेल्या गवतावर मागाहून आलेल्या कुजवणाऱ्या बुरशीच सापडतात. रोग चालू असतो तो कडेला, पिवळे आणि हिरवे जिथे भेटतात तिथे. हाताच्या पंजाएवढा, मुळे व मातीसह काढलेला तुकडा कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत तो वाटेतच कुजतो. सोबत शेवटचे खत, पाणी आणि कापणी यांच्या तारखा लिहून द्याव्यात.