भेंडीचा केवडा आणि पपईचा मोझॅक

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पपई आहे, आणि गच्चीवरच्या चार कुंड्यांत माझी भेंडी. यंदा पाऊस सरता सरता दोन्हींची पानं पिवळी पडली. वॉचमन म्हणाला खत कमी पडलंय, शेजारच्या वहिनी म्हणाल्या दोन्हींना मोझॅक झालाय, म्हणजे पानांवर हिरवे-पिवळे ठिगळ पाडणारा विषाणूचा रोग. वहिनी बरोबर होत्या, फक्त हे दोन मोझॅक एकमेकांचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

भेंडीचं पान उन्हात धरा. शिरा पिवळ्याधमक, मधले तुकडे हिरवे, जणू हळदीत बुडवलेलं जाळं. हा केवडा, पांढऱ्या माशीने आणलेला डीएनए विषाणू. पपईचं निराळं: शेंड्याची पानं हिरव्या-पिवळ्या ठिगळांची, पुढे अरुंद होऊन दोरीसारखी, देठावर तेलकट गडद रेघा, फळावर वर्तुळं. हा रिंगस्पॉट, मावा पसरवतो, आणि तो आरएनए विषाणू आहे.

विषाणूची माहिती डीएनएत लिहिलेली की आरएनएत, ही नुसती परीक्षेतली जोडी लावा नाही. झाडाच्या पेशीकडून काय उसनं घ्यायचं, ते त्यावर ठरतं.

भेंडीचा विषाणू अगदी रिकाम्या हाताने येतो. डीएनएची नक्कल काढणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. ते असतं झाडाच्या पेशीच्या केंद्रकात. पण वाढ संपलेल्या पेशीत ती यंत्रणा बंद असते, घाऊक बाजाराला सुट्टी असावी तशी. मग त्याचं 'रेप' नावाचं प्रथिन पेशीच्या विभाजनावरचा लगाम सैल करतं आणि पेशी पुन्हा डीएनए बनवायला लागते.

पपईच्या विषाणूची अडचण उलटी आहे. आरएनएवरून आरएनए काढणारी विकरं झाडात असतात, आणि एके काळी काही संशोधकांना वाटायचं की विषाणू तीच वापरतो. प्रत्यक्षात झाड ती विषाणूविरुद्धच वापरतं. त्यामुळे विषाणूला नक्कल काढणारं विकर स्वतःचं लागतं, पण तेही तो तयार आणत नाही, फक्त त्याची कृती आणतो. सुमारे 10,300 अक्षरांचा हा आरएनए आधी झाडाच्या रायबोसोमने, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राने, वाचायला हवा. झाडाच्या स्वतःच्या आरएनएला डोक्यावर टोपी असते आणि ईआयएफ-फोर-ई नावाचं प्रथिन ती ओळखून वाचन सुरू करून देतं. विषाणूकडे टोपी नाही. त्या जागी त्याचं एक प्रथिन चिकटलेलं असतं, आणि ते थेट ईआयएफ-फोर-ईलाच जाऊन धरतं. बनावट पास दाखवून गेटमधून आत शिरावं तसं.

आत शिरल्यावर आडोसा हवा. आंतर्द्रव्यजालिकेची, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याची, पटलं वाकवून तो छोट्या पिशव्या करतो आणि झाडाचीच काही प्रथिनं मदतीला ओढून तिथे नकला काढतो. प्रत्येक आरएनए विषाणूचं पटल ठरलेलं: टोमॅटो बुशी स्टंट या विषाणूला पेरॉक्सिझोम नावाच्या पेशीतल्या पिशवीचं लागतं, टर्निप यलो मोझॅक विषाणूला हरितलवकाचं.

मला यातली गंमत पुढे वाटते. ईआयएफ-फोर-ईला झाडात एक जुळं भावंड असतं, त्यामुळे एक बिघडलं तरी झाडाचं बहुतेक भागतं, विषाणूचं मात्र अडतं. मिरचीच्या काही जातींतली अशा विषाणूंविरुद्धची जुनी प्रतिकारशक्ती हीच, हे 2002 मध्ये कळलं. 2016 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी क्रिस्परने, म्हणजे जनुकं कापण्याच्या तंत्राने, काकडीतलं या प्रथिनाचं जनुक मोडलं, तर इतर विषाणूंबरोबर रिंगस्पॉटचा काकडीवर्गावर येणारा प्रकारही अडला. भेंडीच्या बाबतीत हा डाव सोपा नाही: झाडाची डीएनए बनवणारी यंत्रणाच मोडली तर झाडच उभं राहायचं नाही.

फवारणीचंही तसंच. पांढऱ्या माशीला विषाणू घ्यायला-द्यायला वेळ लागतो, म्हणून पिवळे चिकट सापळे लावून, माशी मारून थोडा उपयोग होतो. मावा मात्र सोंड टोचून चव पाहतो तेवढ्या सेकंदांत काम उरकतो. औषधाने तो मरेपर्यंत विषाणू पुढच्या झाडात पोचलेला असतो.

भेंडी मी उपटली. पपई काढू या म्हटलं, तर ज्यांनी लावली ते काका म्हणाले, "फळं धरलीयत, खाऊन झाली की काढू." खायला हरकत नाही, हा विषाणू माणसाला लागत नाही. फळ तेवढं पाणचट निघालं.